वाट द्या, दार विकू नका

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. फ्लॅट ४८, सभेला आले २२. गणपूर्ती कशीबशी झाली. जमाखर्च मंजूर झाला, पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, लिफ्टच्या दुरुस्तीवरून त्याहून मोठं झालं. चहा फिरला. लोक चपला शोधायला लागले, तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "थांबा, अजून एक छोटा विषय आहे. ऐनवेळचा."

छोटा विषय असा, की एक इंटरनेट कंपनी आपल्या बिल्डिंगमध्ये फायबर टाकणार. त्याबद्दल सोसायटीला वर्षाला ३६ हजार रुपये देणार. शिवाय ऑफिसला आणि सीसीटीव्हीला इंटरनेट फुकट. करार तयार आहे, सही तेवढी राहिलीय. "सर्वानुमते मंजूर ना?"

मी विचारलं, "अण्णा, कराराची प्रत बघायला मिळेल का?"

"अहो पत्रकार, तुम्हाला सगळ्यातच बातमी दिसते. ते पैसे देतायत, मागत नाहीयेत!"

हशा झाला. मीही हसलो. पण प्रत घेऊन घरी आलो. ११ पानं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. जेवण झाल्यावर वाचायला बसलो तो रात्री दीडला उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सही थांबवली, हे त्यांचं मोठेपण. विषय आता येत्या रविवारी विशेष सभेपुढे आहे.

आमच्या सोसायटीचं गाऱ्हाणं इथं मांडायचं कारण एवढंच, की या आठवड्यात मलकापूर, विद्यानगर आणि कोल्हापूर नाक्याच्या बाजूच्या तीन सोसायट्यांतून मला फोन आले. कंपन्या वेगळ्या, पण कागद जवळपास तोच. म्हणजे हा आता कराडचा विषय झालाय. उद्या तुमच्याही सभेत "छोटा विषय" म्हणून येईल.

तर त्या ११ पानांत काय होतं ते साध्या मराठीत सांगतो.

कंपनीला जिन्याजवळचा डक्ट, गच्चीवरची जागा आणि कॉमन मीटरवरून वीज मिळणार. मुदत ९ वर्षं. मुदत संपायच्या ९० दिवस आधी आपण लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप पुढची ९ वर्षं चालू. त्या काळात इंटरनेट, केबल, फोन यांपैकी काहीही देणारी दुसरी कोणतीही कंपनी बिल्डिंगमध्ये येऊ द्यायची नाही. जुन्या केबलवाल्याच्या वायरी सहा महिन्यांत काढायच्या. सभासदांची नावं आणि मोबाईल नंबर कंपनीला द्यायचे. गणपतीत, नवरात्रात कंपनीचा स्टॉल आवारात लागणार, भाडं नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर "आम्ही या सेवेची शिफारस करतो" असं पत्र द्यायचं. कंपनी हा करार आपल्याला न विचारता दुसऱ्या कंपनीच्या नावावर करू शकते, आपल्याला मात्र मध्येच बाहेर पडता येणार नाही. तंटा झाला तर न्यायालय दिल्लीचं.

आणि ते ३६ हजार? सहाव्या पानावर लिहिलं होतं, किमान ३० घरांनी जोडणी घेतली तरच पूर्ण रक्कम. त्याच्या वर जितकी घरं, तितका सोसायटीचा वाटा वाढत जाणार.

सभेत यातलं एकच वाक्य सांगितलं गेलं होतं, पैशाचं. अण्णांनी लपवलं असं मी म्हणत नाही. त्यांनीही तेवढंच वाक्य ऐकलं होतं. कंपनीचा पोरगा टाय लावून येतो, पेढ्याचा बॉक्स ठेवतो, "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे" म्हणतो. बिनपगारी सेक्रेटरीने ११ पानं इंग्रजी वाचायची कधी?

आता थोडं शेताकडं वळतो. आपल्याकडं बहुतेकांचं एक पाऊल अजून शेतात आहे, म्हणून हे लवकर कळेल.

माझ्या वडिलांनी तीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या शेतकऱ्याला आमच्या बांधावरून बैलगाडी न्यायला परवानगी दिली. तोंडी. शेजारधर्म म्हणून. पुढं बैलगाडीचा ट्रॅक्टर झाला, ट्रॅक्टरच्या मागं उसाची ट्रॉली आली, बांध रुंद होत गेला. एका वर्षी आम्ही म्हणालो, जरा पिकापुरतं थांबा, तर उत्तर आलं, "ही आमची वहिवाट आहे." तहसीलला अर्ज, पंचनामा, जबाब. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा मी पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकलो नाही, बांधावर शिकलो.

त्यातून एक धडा मिळाला. वाट देणं वाईट नाही. वाट कशी दिली, किती दिली आणि परत कशी घ्यायची हे न लिहिणं वाईट. वडिलांनी पाटलाला वाट नाकारली असती तर ते माणुसकीला धरून झालं नसतं. पण एक कागद केला असता तर दोन घरांचं बोलणं बंद झालं नसतं.

बिल्डिंगमधून वायर न्यायला दिलेली परवानगी ही आपल्या शहरी घराची वहिवाटच आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, त्यात साधा परवाना आणि हक्क यांत फरक केलाय. परवाना म्हणजे "जा माझ्या जागेतून", मालकाला तो सहसा मागे घेता येतो. पण त्याच कायद्याच्या ६० व्या कलमात एक मेख आहे. परवान्याच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर परवाना असा सहज मागे घेता येत नाही. म्हणजे भिंती फोडून, पाइप गाडून, पक्कं बांधकाम करून झालं, की "आता काढा" म्हणणं अवघड. म्हणून परवानगी कधी संपते आणि संपल्यावर काढायचं कोणी, हे कागदात आधीच हवं.

नवा कायदा काय म्हणतो? २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्याखालचे राइट ऑफ वेचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यात खासगी जागेसाठी कंपनीने मालकाकडे मागणी करायची आणि दोघांनी करार करायचा, असा रस्ता आहे. जनहितासाठी नेटवर्क आवश्यकच आहे असं सरकारला वाटलं, तर मालकाच्या नकारानंतरही सरकार मध्ये पडू शकतं. शिवाय बसवलेलं नेटवर्क हे त्या जागेपासून वेगळं मानलं जातं, ते कंपनीचंच राहतं. सरकारचा कल उघड आहे, जाळं पसरू द्या. मलाही ते मान्य आहे. हायवेच्या कामात वायर तुटली की दोन-दोन दिवस नेट बंद असतं, बातमी पाठवायला मी चहाच्या टपरीवर मोबाईल हातात धरून उभा असतो. फायबर मलाही हवंय.

पण एकाला आत घ्या म्हणणं वेगळं आणि बाकीच्यांना दार लावा म्हणणं वेगळं. आमच्या करारात या दोन गोष्टी एकाच सहीत बांधल्या होत्या. पहिलीसाठी कुणाची हरकत नव्हती. दुसरी कुणाला माहीतच नव्हती.

आता हिशेब करू. ३६ हजार भागिले ४८ घरं, भागिले १२ महिने. प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला ७५ सुद्धा नाही, साडेबासष्ट रुपये. त्यातून वीज वजा करा. ५० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर वर्षाला ४३८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी चार हजारांच्या वर गेले. सभासदांचा मेंटेनन्स आणि बाहेरच्या कंपनीकडून आलेले पैसे हे आयकराच्या हिशेबात एकाच डब्यात पडत नाहीत, त्याचं काय ते सीएला विचारा.

उलट बाजू बघा. दुसरी कंपनी बिल्डिंगमध्ये येऊच शकत नाही म्हटल्यावर दर कोण धरून ठेवणार? ज्या ३० घरांनी जोडणी घ्यायची, त्यांच्याकडून कंपनीने महिन्याला फक्त १०० रुपये जास्त घेतले, तर वर्षाचे होतात ३६ हजार. बरोबर तेवढेच! म्हणजे आपलेच पैसे आपल्या खिशातून काढून, सोसायटीच्या खात्यावर जमा करून, वर आपल्याकडूनच पेढे खाल्ल्यासारखं आभार मानून घ्यायचे.

आणि हा प्रश्न नुसता पैशाचा नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेट घेतलीत, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. त्याची नोकरी त्या दुसऱ्या वायरीवर उभी आहे. तळमजल्यावर निवृत्त शिक्षक नवरा-बायको आहेत. त्यांना फायबर नको, स्मार्ट टीव्ही नको. केबलवाला महिन्याला येतो, पैसे नेतो, रिमोटची बॅटरी बदलून देतो, बातम्यांचं चॅनल लावून देतो. त्यांची वायर काढायचा अधिकार आम्हा बाकीच्यांना कुणी दिला?

केबलवाल्याची मी वकिली करतोय असं समजू नका. वीस वर्षं तोही आमचा राजाच होता. गच्च्यांवरून हवी तशी वायर ओढली, मॅच चालू असताना लाइन गेली तर फोन उचलला नाही, सांगेल तो दर दिला आपण. का? कारण दुसरा नव्हता. २०१७ पर्यंत केबल डिजिटल झाली, २०१९ पासून चॅनल निवडून पैसे द्यायचा नियम आला, डिश आली, फायबर आलं, तेव्हा कुठं भाऊ "नमस्कार साहेब" म्हणायला लागला. एकाधिकार काय असतो हे आपण भोगलंय. आता तोच पुन्हा, लेखी आणि ९ वर्षांसाठी द्यायचा?

माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. हा करार मी त्याला पाठवला. तो म्हणाला, "दादा, हे तर इथलंच जुनं दुखणं." तिथं घरमालकांच्या संघटना असतात, अख्ख्या कॉलनीचे रस्ते, लॉन, नियम त्यांच्या हातात. केबल कंपन्या त्यांच्याकडे जायच्या. वायर टाकायची जागा द्या, आमचीच जाहिरात करा, दुसऱ्याला आत घेऊ नका, आम्ही पैसे देतो. कॉलनी बांधणारा बिल्डर तर लोक राहायला येण्याआधीच सही करून मोकळा. लोकांच्या हाती संघटना यायची तेव्हा करार आधीच झालेला.

शेवटी ऑक्टोबर २००७ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, केबल कंपन्यांचे असे "फक्त आम्हीच" वाले करार बंद केले. नुसते नवे नाही, आधी झालेल्या करारांतलं ते कलमही वापरता येणार नाही असं सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या, २००९ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला.

मग कंपन्यांनी दुसरी वाट शोधली. दार बंद करायचं नाही, पण दारातल्या माणसाला वाटा द्यायचा. जितकी घरं गिऱ्हाईक, तितकं कमिशन चढतं. मग बिल्डिंगवाला स्वतःच दुसऱ्या कंपनीला टाळायला लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाने असे चढत्या कमिशनचे करारही बंद केले. आणि जिथं फक्त एकाच कंपनीची जाहिरात करायचा करार असेल, तिथं रहिवाशांना ते साध्या भाषेत, स्पष्ट दिसेल असं सांगायची सक्ती केली.

आमच्या कराराचं सहावं पान आठवा. ३० घरांपुढे वाढता वाटा. अमेरिकेत तीन वर्षांहून जास्त काळ बंद असलेली युक्ती कराडात "स्टँडर्ड फॉरमॅट" म्हणून फिरतेय!

तिथं सगळं सुटलं असं नाही. एकाच कंपनीचं बिल सगळ्या घरांच्या मासिक वर्गणीत घालायचं, वापरा किंवा वापरू नका, हा प्रकार अजून चालतो. रहिवाशाला त्यातून बाहेर पडायची मुभा द्यावी, असा प्रस्ताव २०२४ मध्ये आला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये बाजूला ठेवला गेला. म्हणजे नियम असला तरी डोळे उघडे ठेवावेच लागतात.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. इमारतीच्या आतल्या जोडण्यांबद्दल ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच शिफारशी केल्या होत्या. आतली यंत्रणा कंपन्यांनी वाटून वापरावी आणि दुसऱ्याला अडवणारे करार करू नयेत, असा त्यांचा रोख होता. पण सोसायटीच्या सभेत ट्राय येऊन बसणार नाही. तिथं आपणच असतो, आणि आपण चपला शोधत असतो.

माझ्या मते खरा घोटाळा इथंच आहे. सहकार कायद्यात सोसायटीची सर्वोच्च सत्ता सर्वसाधारण सभेची. कमिटी कारभार बघते, मालक सभासद. जिना, डक्ट, गच्ची ही सगळ्यांची. मग त्यांच्यावर ९ वर्षांचा बोजा चढवणारा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या नावाखाली पाच मिनिटांत कसा होतो? रंग कोणता द्यायचा यावर आपण दोन तास भांडतो!

अजून एक गोष्ट. आपल्या भागातल्या कित्येक सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. कन्व्हेअन्स झालेलं नाही, डीम्ड कन्व्हेअन्सचा अर्ज कपाटात. अशा ठिकाणी बिल्डरने आधीच कुणाला डक्ट आणि गच्ची लिहून दिलीय का, हे तपासल्याशिवाय नव्या कागदावर सही करू नका. नाहीतर एकाच गच्चीचे दोन मालक आणि तिसरा भाडेकरू असा प्रकार व्हायचा.

आणि आपले मोबाईल नंबर. ते सोसायटीला पाणी कधी येणार हे कळवायला दिलेत, विकायला नाही. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटाचा कायदा केला, त्याचा गाभाच माणसाची संमती आहे. मी माझी संमती दिलेली नाही. तुम्हीही विचारा, तुमच्या वतीने कुणी दिली?

अण्णांची बाजू मांडल्याशिवाय हे पुरं होणार नाही. ते मला म्हणाले, "तुमचं पटतं. पण लिफ्टला दीड लाख लागणार. वर्गणी वाढवली तर तुम्हीच ओरडणार. कुठून तरी आणायलाच हवेत ना?" हे खरं आहे. सात घरांची थकबाकी आहे, ती मागायला जायला कुणी तयार नाही. बाहेरून फुकट येणारा पैसा गोड लागतो, कारण आपल्या माणसाकडून मागायची लाज वाटते. दुसरं ते म्हणाले, "एकट्यालाच द्या नाही म्हटलं तर कंपनी येणारच नाही." असू शकेल. पण कराडात आज कंपन्या आपल्या मागं आहेत, आपण त्यांच्या मागं नाही. एक गेली तर दुसरी येईल. आणि नाहीच आली, तर दोन वर्षांचा साधा करार घेऊन बघू. ९ वर्षांची घाई कशाला?

येत्या रविवारी मी सभेत जे मांडणार आहे ते असं. तुमच्या सोसायटीत उपयोगी पडलं तर घ्या.

१. विषय ऐनवेळी नको, छापील विषयपत्रिकेत हवा. कराराची प्रत आणि मराठीत एक पानाचा गोषवारा नोटीसबरोबर प्रत्येक घरात.

२. वायरची परवानगी आणि जाहिरातीचा करार हे दोन वेगळे कागद. पहिला मंजूर केला म्हणून दुसरा आपोआप मंजूर नाही.

३. "दुसऱ्या कुणाला आत घेऊ नका" हे कलम सरळ खोडायचं. जो येईल त्याला त्याच अटी, तेच भाडं.

४. भाडं ठरावीक. किती घरं गिऱ्हाईक झाली यावर अवलंबून नको. सोसायटी कुणाची एजंट नाही.

५. मुदत दोन किंवा तीन वर्षं, आपोआप वाढ नाही. विजेला वेगळा सबमीटर. मुदत संपली की वायर, बॉक्स काढून भिंत पूर्ववत करायची, कंपनीच्या खर्चाने. आमच्या ठरावाशिवाय दुसऱ्याच्या नावावर करार नाही. तंट्याला आपल्या जिल्ह्याचं न्यायालय.

६. सभासदांची यादी द्यायची नाही, शिफारसपत्र द्यायचं नाही. स्टॉल लावायचा तर भाडं भरून, इतरांसारखाच.

यातलं कंपनीला काय मान्य होईल माहीत नाही. सभेला तरी मान्य होईल का, तेही रविवारीच कळेल. ३६ हजारांचं आकर्षण मोठं आहे आणि माझ्याकडं द्यायला पेढे नाहीत.

वडिलांच्या बांधाचं प्रकरण शेवटी कसं मिटलं ते सांगून थांबतो. कोर्टात नाही मिटलं. दोन्हीकडची म्हातारी माणसं गेल्यावर पोरं एकत्र बसली, टेप लावून बारा फूट मोजले, दगड रोवले आणि कागद केला. आज त्या वाटेनं त्यांचाही ट्रॅक्टर जातो, आमचाही जातो आणि पलीकडच्या तिसऱ्याचाही जातो. वाट रुंद आहे, कुणाचं अडत नाही. अडलं होतं ते फक्त कागदापायी, तेही १४ वर्षं.

आपल्या सोसायटीत असा करार आला असेल, झाला असेल, तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, अटी लिहा. कुणाला काय गळ्यात मारलं गेलंय ते एकमेकांना कळू दे. आणि रविवारी सकाळी १० वाजता, आमच्या सोसायटीतल्या मंडळींनो, कृपा करून खाली या. चहा आहे. या वेळी चहा सगळ्यात शेवटी देणार आहोत.